होमाई व्यारावाला छायाचित्रकार कशा घडल्या?

प्रश्न (खानापूर) : माझी मुलगी बेळगावातील एका स्टुडिओत छायाचित्रण शिकत आहे, परंतु लग्नमंडपात कॅमेरा घेऊन वावरणे मुलीला शोभत नाही, असे आमचे नातेवाईक म्हणतात. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाईंची पार्श्वभूमी कशी होती, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर (निपाणी) : त्यांचा जन्म 1913 साली नवसारीच्या पारशी कुटुंबात झाला आणि वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले, छायाचित्रण मात्र माणेकशा यांच्याकडून शिकल्या, ज्यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली, हे वाचून मला आजही वाईट वाटते. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि सत्तांतराचा काळ, तसेच नेहरूंची असंख्य छायाचित्रे, त्यांनी साडी नेसून, जड कॅमेरा स्वतः वाहून टिपली.

उत्तर (बेळगाव) : त्यांच्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात 120 प्रकारच्या फिल्मच्या एका रोलवर बाराच चित्रे निघत. मीही स्टुडिओत असेच रोल वापरले आहेत. अंतरपाट दूर होण्याचा क्षण हुकला, तर तो पुन्हा मिळत नसे, म्हणून बटण दाबण्याआधी नजर तयार करावी लागे. तुमच्या मुलीला आधी हेच शिकू द्या.

उत्तर (निपाणी) : एक राहिले. 1970 च्या सुमारास त्यांनी हे काम थांबवले; पद्मविभूषण मिळाले ते 2011 मध्ये.

प्रश्नकर्ते (खानापूर) : मनःपूर्वक आभार. आज रात्री हे घरी सर्वांना वाचून दाखवतो.