मदत हवी आहे: "फार्मसी नाही तर काय?" याला मुलाखतीत काय सांगू?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. यंदा बारावी सायन्स झालं. बी. फार्मला सीईटीच्या मार्कांवर कॅप राउंडमधून नंबर लागतो, तिथे मुलाखतीची भानगडच नाही. पण मी एका खासगी विद्यापीठात फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) चा अर्ज भरलाय आणि तिथे मुलाखत आहे, पुढच्याच आठवड्यात. आमच्या घरात काय, गावातही अशी मुलाखत कोणी दिलेली नाही.

तिथे शिकणाऱ्या एका ताईनं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: फार्मसी सोडून दुसरं काय केलं असतं? यावर जो तो वेगळंच सांगतो. क्लासचे सर म्हणतात, "दुसरं काहीच नाही, फार्मसीच, असं ठासून सांग." मामा म्हणतात, "ड्रग इन्स्पेक्टर म्हण, वजन पडते." मैत्रीण म्हणते, एमबीबीएस सांगून मोकळी हो.

खरं म्हणजे नीट दिली होती, मार्क कमी पडले. पण फार्मसी नसती तर मी ॲग्रीच केलं असतं, अकोल्याच्या पीकेव्हीत, म्हणजे कृषी विद्यापीठात. बाबांची कोरडवाहू शेती आहे, पऱ्हाटी आणि तूर. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली, कितीतरी शेतकरी गेले, तेव्हा शेजारचे काकाही दवाखान्यात होते. डॉक्टर विचारत होते, कोणतं औषध मारलं? काकूंना नाव सांगता येईना. शेवटी वावरातून दोन रिकामे डबे आणले, कारण पंपात दोन औषधं एकत्र केली होती. काका वाचले. तेव्हापासून घरात आलेल्या डब्याचं लेबल मी वाचते. विष किती जहाल ते दाखवणारा त्रिकोण लाल आहे की पिवळा, निळा की हिरवा, आणि विष चढलं तर उतारा काय लिहिलाय. बाबा हसतात, पण डबा आधी माझ्याच हातात देतात.

हे सांगावं का? की "मग ॲग्रीलाच जा ना" म्हणतील? आणि नीटचं लपवायचं का?

वऱ्हाडी_गोळी:
पोरी, मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, अशा पॅनेलवर बसलेलो आहे. "दुसरं काहीच नाही" हे उत्तर इतक्यांदा कानावर पडतं की पुढचं विचारायचाही कंटाळा येतो. मामांना सांग, औषध निरीक्षक व्हायला मुख्यतः फार्मसीचीच पदवी लागते. फार्मसी सोडून काय, याचं ते उत्तर कसं होईल? समोरचा लगेच ओळखतो की पोरीनं चौकशी केलेली नाही.

एमबीबीएस म्हणालीस तर पुढचा प्रश्न ठरलेला: पुन्हा नीट देणार का? फार्म. डी. चा कोर्स सहा वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मधूनच कोणी सोडून गेलं की जागा वाया, म्हणून कॉलेजं तेवढ्यालाच भितात. नीटचं विचारलं तर एका वाक्यात खरं सांग आणि पुढे चल. लपवू नको.

शेतीचं सांगच. फक्त तिथे थांबू नको. "मग तेच का नाही?" याचं उत्तर तू वर लिहूनच बसलीस. पऱ्हाटीवर काय आणि किती मारायचं ते ॲग्रीवाला सांगेल. तेच विष माणसाच्या अंगात गेलं की उतारा म्हणून ॲट्रोपिन किती, किती वेळानं, ते जास्त झालं तर काय, हे वॉर्डातलं काम. निर्णय डॉक्टरांचा असतो, पण डोस आणि दुष्परिणामांवर नजर ठेवायला क्लिनिकल फार्मासिस्ट सोबत असावा, त्यासाठीच तर 2008 मध्ये आपल्याकडे फार्म. डी. सुरू झाली. औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात, तेवढं वाचून जा.

आणखी एक येऊ शकतं: मेडिकल टाकायचं तर दोन वर्षांचा डी. फार्म पुरतो, मग सहा वर्षं कशाला? याची तयारी वेगळी कर.

कापूसवाला:
ताई, मले तं वाट्टे का कोरडवाहूचं रडगाणं नोको लावू. गरिबीवर मार्क नाई भेटत. डब्याचं सांग, ते भारी हाय.

धागाकर्ती:
धन्यवाद सर, धन्यवाद भाऊ. असं म्हटलं तर चालेल का? "मी कृषी पदवी केली असती, कीटकशास्त्र घेतलं असतं. आमच्याकडे फवारणीचं औषध लोकांना नावानं माहीत नसतं, ते मी पाहिलं आहे. पण मला पिकापेक्षा दवाखान्यात आलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे शिकायचं आहे, आणि समाजसेवा करायची आहे, म्हणून फार्म. डी." इंग्रजीत बोलताना मात्र त-त-प-प होतं.

वऱ्हाडी_गोळी:
चालेल. समाजसेवा काढून टाक, ती सगळेच करणार असतात. काकूंचे दोन डबे त्या जागी घाल. इंग्रजीत अडकलीस तर "मराठीत सांगू का?" असं सरळ विचार. आम्ही तरी कधी नाही म्हटलेलं नाही.