मठारकामाची घागर आणि रोजचा वापर
हाताने घडवलेली महागडी वस्तू कपाटात जपावी, रोजच्या वापराला साधीच पुरे, हे नेहमी ऐकू येणारे म्हणणे मला पटत नाही. आमच्याकडे पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडवलेली तांब्याची घागर आहे आणि गेली अकरा वर्षे घरातले सगळे तिच्यातलेच पाणी पितात. तिच्या अंगावर ओळीने उमटलेले ठोके, ज्यांना मठारकाम म्हणतात, ते केवळ शोभेसाठी नसतात. तापवून मऊ पडलेला पत्रा या ठोक्यांनीच पुन्हा कणखर होतो. गळ्यापाशी ठोके बारीक आणि दाट होत गेले आहेत, आणि एका जागी ओळ किंचित वर सरकली आहे. घासताना माझे बोट तिथे हमखास थांबते. चिंच-मीठ लावून चोळले की काळवंडलेले तांबे पाहता पाहता गुलाबीसर उजळते, आणि हा आनंद मला दर रविवारी मिळतो. जोडीच्या पातेल्याला मात्र अधूनमधून कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, लागते, कारण आंबट पदार्थ उघड्या तांब्यात शिजवता येत नाहीत. पण त्यासाठी भांडे घेऊन पेठेत जाणे मला कधीच जड वाटलेले नाही.