रि: रि: कोर्टासाठी शाळेचं पत्र (अर्जंट, सोमवारी हिअरिंग)
(इंग्लंडमधल्या मराठी मंडळींची मेलिंग लिस्ट; सभासदांच्या नावाऐवजी त्यांचं गाव दिलंय)

प्रेषक: हॅरो
मंडळी, आपल्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या एका आईसाठी विचारतेय. नवरा-बायको वेगळे झालेत, मुलं कोणाकडे राहणार यावर सोमवारी कोर्टात पहिली तारीख आहे. मुलांना आईच आणते-नेते असं लेटरहेडवर गुरुवारपर्यंत मिळेल का? गेल्या वर्षी एकांना दिलं होतंत. कॅफकॅसचं (अशा केसमध्ये मुलांच्या हिताबद्दल कोर्टाला सल्ला देणारी संस्था) पत्र जोडलंय, म्हणजे मुद्दा कळेल.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापन
अटॅचमेंट काढली आहे. ज्यांच्याकडे मेल पोचला त्यांनी ती उघडू नका, डिलीट करा. मुलांच्या केसचे कागद खाजगी असतात. वकील, मध्यस्थ, समुपदेशक यांना ते दाखवता येतात, अख्ख्या लिस्टला नाही. हा कोर्टाचा अवमान ठरू शकतो आणि त्याचा त्रास त्या आईलाच होईल.

प्रेषक: शाळा समिती
गेल्या वर्षी दिलं ते फक्त हजेरीचं पत्र होतं. कोण आणतं, कोण चांगलं, यावर शाळा लिहिणार नाही. वडिलांनी मागितलं तर हेच पत्र त्यांनाही मिळेल.

प्रेषक: लेस्टर
समितीचं बरोबर आहे. ताई, सोमवारी त्या पत्राने काही हलणार नाही. पहिल्या तारखेला पुरावे तपासत नाहीत. कॅफकॅसने पोलिस आणि कौन्सिलकडे चौकशी केलेली असते, दोघा पालकांशी फोनवर बोललेले असतात. मुलांशी सहसा अजून नाही. (डॉर्सेट, बर्मिंगहॅमसारख्या काही ठिकाणी 'पाथफाइंडर' नावाची नवी पद्धत आहे, तिथे क्रम वेगळा.) त्या दिवशी एवढंच बघतात: मुलं सुरक्षित आहेत का, काय जमतंय आणि कुठे अडलंय. अडलंच तर चिल्ड्रेन अ‍ॅक्टच्या कलम ७ चा, म्हणजे मुलांच्या हिताबद्दलचा अहवाल मागवतात, तेव्हा अधिकारी मुलांना भेटतो. मारहाण, धमक्या असं काही असेल तर ते सी१ए फॉर्मवर आधीच द्यायला हवं, कोर्टाच्या दारात सांगून भागत नाही.

पत्रापेक्षा एक पान न्या: दोन आठवड्यांचं वेळापत्रक. 'एकाआड एक वीकएंड' एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं, कारण पहिला वीकएंड कोणता? तारीख घाला. शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेटवरून घ्यायचं, रविवारी ५ वाजता कुठे सोडायचं, पीईचे (खेळाच्या तासाचे) कपडे कोणाच्या घरी, हाफ-टर्म (सत्राच्या मधली सुट्टी) कुठून कुठपर्यंत, सगळं लिहा. दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते, म्हणून तारीख न घालता 'लक्ष्मीपूजन सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे' असं लिहा.

प्रेषक: स्लाऊ
रविवारऐवजी शनिवारी आपल्या हॉलवरच मुलं द्यावी-घ्यावी. सगळे ओळखीचे असतात.

प्रेषक: शाळा समिती
कृपया नको. १ वाजता हॉल रिकामा करून किल्ली द्यावी लागते. एका पालकाला उशीर झाला की मूल पायरीवर आणि स्वयंसेवक अडकलेले. शिवाय मुलांनी ते सगळ्या वर्गासमोर का सोसावं?

प्रेषक: वेम्ब्ली
पण कस्टडी शेवटी आईलाच मिळते ना?

प्रेषक: लेस्टर
काका, कायद्यात तसं नाही. १९८९ च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टने 'कस्टडी' हा शब्दच काढला, २०१४ मध्ये 'रेसिडेन्स' आणि 'काँटॅक्ट'ही गेले. आता आदेशात मूल कोणाकडे राहील आणि कोणाबरोबर वेळ घालवेल एवढंच असतं. 'राहील' दोघांकडेही लिहिता येतं, दिवस निम्मे-निम्मे नसले तरी. न्यायाधीशांसमोर सात मुद्द्यांची यादी असते: मुलाची इच्छा (वय आणि समज बघून), गरजा, बदलाचा परिणाम, वय आणि पार्श्वभूमी, इजा किंवा तिचा धोका, पालकांची कुवत, कोर्टाचे अधिकार. आपली मराठी त्या 'पार्श्वभूमी'त येते, तेव्हा शनिवारची शाळा वेळापत्रकात जरूर दाखवा.

प्रेषक: हॅरो
कळलं, पत्र नको. डिसेंबरची पुण्याची तिकिटं काढली आहेत, त्यांचं काय?

प्रेषक: लेस्टर
'मूल हिच्याकडे राहील' असा आदेश झाला की ती एक महिन्याच्या आत परत आणणार असेल तर संमती लागत नाही, कोर्टाने वेगळी मनाई केली नसेल तर. आदेश नसताना वडिलांना पालकत्वाचा हक्क असेल तर त्यांची संमती हवीच, ती लेखी घेतलेली बरी. नाहीतर तो गुन्हा. परदेशात नेऊन ठेवलेली मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणून वडिलांचा वकील हाच मुद्दा काढणार. परतीची तिकिटं, पुण्याचा पत्ता आणि शाळा सुरू होण्याची तारीख त्याच पानाला जोडा.