फॅमिली डेंटल प्लॅन घ्यायचा की खिशातून भरायचे? आकड्यांसकट अनुभव सांगा

धागाकर्ती, न्यू जर्सी:
नोव्हेंबर आला की नवऱ्याच्या ऑफिसात ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचे विमे निवडायची मुदत) आणि आमच्या घरी ठरलेला वाद. आम्ही दोघं, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. यंदा पगारातून महिन्याला ९२ डॉलर कापणार, म्हणजे वर्षाचे ११०४. सफाई, तपासणी, एक्सरे शंभर टक्के, फिलिंग ८०, रूट कनाल, कॅप ५०, वर माणशी ५० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे तेवढे आधी आपल्या खिशातून. माणशी वर्षाला १५०० झाले की कंपनी हात वर करते. गेल्या वर्षी चौघांच्या आठ सफाया आणि एक फिलिंग झालं. आमच्या डेंटिस्टचे रोखीचे दर धरले तर जवळपास तेवढेच भरतात. "मग आपलेच पैसे त्यांच्याकडून फिरवून आणायचे कशाला?" इति नवरा. मला मात्र मुलीचे पुढचे वेडेवाकडे दात दिसतात. तुम्ही काय केलंत? "आम्हाला बरा वाटला" एवढंच नको.

टेक्सासकर:
ताई, याला विमा म्हणणं हाच मुळात घोटाळा आहे. विमा मोठ्या संकटासाठी असतो. इथे संकट मोठं झालं की प्लॅन संपतो.

माझी गोष्ट. नोव्हेंबरअखेर पॉपकॉर्नचा न फुटलेला दाणा चावला आणि दाढेचा टवका उडाला. रूट कनाल १२००, कॅप आणि तिच्याखालची भरणी मिळून १८००. माझीही मर्यादा १५०० चीच. अर्धे मिळणार म्हणून मी निवांत. मग कळलं, फुकटच्या वाटणाऱ्या सफाया आणि एक्सरेसुद्धा त्या १५०० तूनच वळते झालेत, उरलेत ११६०. (हे सगळ्या प्लॅनमध्ये नसतं, पण माझ्यात होतं. पुस्तिकेत तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.) फ्रंट डेस्कवरची बाई देवासारखी भेटली. म्हणाली, डॉक्टरांना चालत असेल तर रूट कनाल डिसेंबरात करा, कॅप जानेवारीत. डॉक्टर हो म्हणाले, मधले तीन आठवडे तात्पुरती कॅप. डिसेंबरात ५७५ मिळाले, जानेवारीत डिडक्टिबल पुन्हा भरून ८७५. एकाच वर्षात केलं असतं तर ११६० वर गाडी थांबली असती. २९० डॉलर वाचले ते प्लॅनमुळे नव्हे, कॅलेंडरमुळे.

एक मात्र कबूल करतो. नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरला ठरलेला दरच लावावा लागतो. टक्केवारीपेक्षा मला तोच फायदा मोठा वाटतो. तुमचे रोखीचे दर आणि नेटवर्कचे दर शेजारी ठेवून बघा.

बे एरिया:
ब्रेसेससाठी घेत असाल तर वार्षिक मर्यादा बघूच नका. ऑर्थोची मर्यादा वेगळी आणि बहुधा आयुष्यभराची असते. आमच्या मुलाच्या ब्रेसेसचे झाले ५८००, प्लॅनचे आयुष्यभराचे १५००. तेही एकरकमी नाहीत, उपचार चालेल तसे तिमाही हप्ते. निम्मे हप्ते आले आणि मी नोकरी बदलली. नवीन प्लॅन म्हणाला, आधीच सुरू झालेलं काम आम्ही धरत नाही. राहिलेले ७५० गेले. खरा आधार एफएसएचा (नोकरीतून मिळणारं उपचारखर्चाचं खातं) झाला, करापूर्वीच्या पैशातून बरंच भागलं. वेटिंग पिरियडही विचारा, कुठे कुठे वर्षभर थांबवतात.

पुण्याची डेंटिस्ट:
"भारतात जाऊन करून येऊ" हा सल्ला येणारच, म्हणून आधीच लिहिते. कॅप, रूट कनाल तीन आठवड्यांच्या सुट्टीत बसतं. इम्प्लांट सहसा नाही. स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यानंतर वरचा दात. म्हणजे दोन फेऱ्या, आणि मधे काही दुखलं तर तिकडचा डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कुरकुरतो. दर डिसेंबरात माझ्याकडे असे दोघं-तिघं येतात, परतीचं तिकीट खिशात घेऊन. इथल्या साध्या मेडिक्लेमचा आधार धरू नका. अपघातात दात तुटून दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी, एरवी ओपीडीचं कलम असेल तरच.

श्टुटगार्ट:
आमच्याकडे जर्मनीत सरकारी विम्याबरोबर एक छोटी वही असते. वर्षातून एकदा तपासणी केली की शिक्का. सलग पाच वर्षं शिक्के असतील तर कॅप-ब्रिजचं अनुदान साध्या उपचाराच्या ठरीव खर्चाच्या ६० वरून ७० टक्के होतं, दहा वर्षांनी ७५. माझी सहा झाली. वही पासपोर्टशेजारी ठेवते.

शिकागो, एकटा जीव:
चार वर्षं प्लॅन नाही. महिन्याला ४० डॉलर बाजूला टाकतो. अक्कलदाढ डेंटल कॉलेजात काढली, विद्यार्थ्याने, मागे प्राध्यापक उभे. स्वस्तात झालं, पण अख्खा दिवस गेला आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी नवा येऊन तोंडात डोकावायचा. पोरंबाळं असती तर हा खेळ केला नसता.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आज एचआरला फोन केला. ऑर्थो आयुष्यभराचे १०००, वेटिंग बारा महिने, आणि सफाया १५०० तूनच जातात. नवरा हे ऐकून विजयी मुद्रेने चहा पीत होता, तेवढ्यात बिस्किटाने त्याच्या जुन्या कॅपचा कोपरा उडाला. आता फॉर्म तोच भरतोय.