वर्क फंक्शनचा आकडा सरासरीच असतो का?

वर्क फंक्शन म्हणजे पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा. ‘उत्प्रेरकाचं वर्क फंक्शन मोजून अख्ख्या पृष्ठभागाची सरासरी तेवढी मिळते, अभिक्रिया कुठे चालली आहे ते कळत नाही,’ असं म्हटलं जातं. हा मुद्दा केल्व्हिन प्रोब या मोजणीच्या उपकरणापुरता मान्य. त्यातला कंप पावणारा इलेक्ट्रोड नमुन्याशी असलेलं विभवांतर मोजतो, आणि त्याच्याखाली येणारं सगळं एकाच आकड्यात मिसळून जातं. (तरी बिचाऱ्याला निर्वात लागत नाही, हे मोठंच सुख!)

पण तोच गुणधर्म चित्ररूपातही पाहता येतो. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांची अभिक्रिया चालू असलेल्या प्लॅटिनमवर अतिनील प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची प्रतिमा घेतली, की ऑक्सिजनने व्यापलेला भाग काळा दिसतो, कारण तिथे वर्क फंक्शन जास्त असल्याने इलेक्ट्रॉन कमी सुटतात. कार्बन मोनॉक्साइडचा भाग त्यामानाने उजळ. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत गेरहार्ड एर्टल (नोबेल २००७) यांच्या गटाने प्लॅटिनम स्फटिकाच्या (११०) या ठरावीक पृष्ठभागावर असं पाहिलं तेव्हा सर्पिल लाटा सरकताना दिसल्या. अभिक्रियेचा वेग आपोआप कमीजास्त होतो हे आधी माहीत होतं. पण एकाच स्फटिकावर शेजारच्या जागा वेगवेगळ्या अवस्थेत असतात, हे इथे उघड दिसलं. मात्र या पद्धतीला दाब अगदी कमी लागतो, त्यामुळे कारखान्यातल्या उत्प्रेरकाला ती थेट लावता येत नाही.