अकॉर्डियनवाल्यांच्या गिटारी पण घ्या की यादीत

हटके जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या या यादीत वर सगळ्यांनी फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोररचं कौतुक केलंय, गिब्सन कंपनीची १९५८ ची ती डिझाइन्स भारीच आहेत, पण माझा जीव इटलीच्या एको आणि स्वीडनच्या हॅगस्ट्रॉम या कंपन्यांवर. दोघेही मूळचे अकॉर्डियनवाले, म्हणून गिटारीलाही तेच चमचमतं सेल्युलॉइड (एक प्रकारचं प्लास्टिक) चढवलं आणि पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा भाग, निवडायला बटणांची रांगच दिली! आणि डॅनइलेक्ट्रोने बनवलेली सिल्व्हरटोन १४४८ ही गिटार यादीतून कशी काय राहिली राव, बॉडीला साधा हार्डबोर्ड, पिकअप लिपस्टिकच्या नळीत, आणि अँप (अँप्लिफायर) न स्पीकर चक्क गिटार ठेवायच्या केसमध्येच. स्वस्तातली म्हणून तिला कमी लेखणं मला अजिबात पटत नाही. नाशकात कुणाकडे असली जुनी गिटार असेल तर प्लीज सांगा, गंगापूर रोडला कुठेही भेटू, एकदा वाजवून बघायचीय.