मदत हवी आहे: बिलांच्या ईमेलमध्ये मेसेज-आयडी नाही, तो घालायचा कोणी?

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं सुट्या भागांचं छोटं युनिट आहे, संगणकाची कामं माझ्याकडे. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून गेलेली बिलं काही ग्राहकांकडून ५५० एरर (मेल नाकारल्याचा कोड) देऊन परत येतायत. कारण एकच, मेसेज-आयडी हेडर (मेलच्या माथ्यावरची, त्या मेलचा स्वतंत्र ओळख-क्रमांक देणारी ओळ) नाही. हाताने पाठवलेला मेल व्यवस्थित पोचतो.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात, हेडर सर्व्हरने घालावा. आमच्याकडे पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आहे; आवृत्ती २.६ पासून मूळ सेटिंगवर तो दुसऱ्या मशीनवरून आलेल्या मेलमध्ये असे गहाळ हेडर घालत नाही. आरएफसी ५३२२ (ईमेलच्या स्वरूपाचं मानक) वाचलं: तारीख आणि फ्रॉम सक्तीचे, मेसेज-आयडी मात्र 'असायला हवा' इतकंच. आरएफसी ६४०९ हे दुसरं मानक तर सबमिशन सर्व्हरनेच (पाठवणाऱ्याकडून मेल पहिल्यांदा घेणाऱ्या सर्व्हरनेच) तो घालावा असं सुचवतं. मला तरी वाटतं, पत्र लिहिणाऱ्यानेच जावक क्रमांक टाकायचा असतो.

सध्या ऑफिसच्या नेटवर्कपुरतीच हेडर घालण्याची सेटिंग चालू केली, तर आधीच डीकेआयएम सही (मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी डिजिटल सही) झालेल्या मेलला धक्का लागेल का? आणि सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी कळवताना नेमकं काय मांडावं? बिल मिळालं नाही म्हणून दोन पार्ट्यांचं पेमेंट अडकलंय. कोणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.